सत्त्याऐंशी पॉईंट चार

...अन् वरून पॉईंट चार! नाही, तुम्हीच सांगा मले, नुसतं सत्त्याऐंशी म्हटलं असतं तं मी ऐकून घेतलं असतं, माणूस आहे, चुकते, पण पॉईंट चार? अरे, कूलरच्या पत्र्यात करंट आहे का नाही एवढाच सवाल होता, त्यात हे पॉईंट चार कायले पाहिजे? सोनं तोलून राहिले का? पण नाही, पॉईंट दिसला ना, की लोकं हात जोडते. 'थोडासा करंट आहे' असं म्हटलं असतं तं माही बायको म्हटली असती, जाऊ द्या जी, काहीतरीच. पण 'सत्त्याऐंशी पॉईंट चार' म्हटल्याबरोबर तिनं पदर तोंडाले लावला! अन् म्हटलं कोणं? जवायानं. झालं! धोंड्याचा महिना, त्यात जवाई... बोलता येते का?

तुम्हाले सांगतो, नवतपा सुरू आहे, नागपूरले शेहेचाळीस डिग्री, रोडचं डांबर चपलेले चिकटून राहिलं, दुपारी कुत्रं सुद्धा नालीतून बाहेर निघत नाही, अन् अशा उन्हात माही एकुलती एक पोरगी, अंजू, नववा महिना घेऊन पहिल्या बाळंतपणाले माहेरी येऊन बसली, अन् माह्या घरचा कूलर बंद! बिघडला म्हणता? बिघडला असता तं मी रडलो नसतो. ताट्यांत नवा वाळा भरला, पंप नवा टाकला, टाकी ब्रशनं घासली, बटन दाबलं तं अंगावर चादर घ्या लागते असा कूलर! मग बंद काहून? तं जवायाचा डिजिटल मीटर म्हणते, याच्या बॉडीत सत्त्याऐंशी पॉईंट चार व्होल्ट आहे. अन् माहा काट्याचा मीटर म्हणते, शून्य. शून्य म्हणजे शून्य! काटा खोटं बोलत नाही. पण घरात माह्या काट्याचं ऐकते कोण?

आता तुम्ही म्हणान, हा कोण लागून गेला? मी ईश्वरदास, तांडापेठचा. बाप माहा कोष्टी, घरात माग होता, बाप बोटात सूत धरून डोळे मिटून सांगे, हे साठ नंबरचं अन् हे ऐंशीचं, अन् कधी चुकला नाही. मी काही मागावर बसलो नाही, बुटीबोरीले एका कापडाच्या मिलमधी वायरमन लागलो. एकोणतीस वर्ष! एकोणतीस वर्ष मी काय तिथं पंखे पुसून राहिलो होतो? माणसापेक्षा उंच पॅनल, अन् प्रत्येक पॅनलच्या कपाळावर गोल काट्याचा मीटर, दुरून नजर टाकली की समजे, काटा थरथरून राहिला म्हणजे लाईनमधी काहीतरी गडबड, काटा झोपला म्हणजे फेज गेला. मग मालकाले डिजिटलचं याड लागलं. सगळे पॅनल बदलले, लाल लाल आकडे, अन् काट्याचे मीटर भंगारात. मी रिटायर झालो तेव्हा शाल देली, नारळ देला, साहेब म्हणे, 'ईश्वरदास, और कुछ चाहिये क्या?' दुसरा असता तं म्हणाला असता, भाच्याले लावून घ्या. मी म्हटलं, साहेब, त्या भंगारातला एक मीटर द्या. साहेब हसला. हसू दे! मी घरी आणला, सागवानाची पेटी करून त्यात बसवला, दोन वायरा काढल्या, अन् देवघराच्या बाजूच्या फळीवर ठेवला. काचेले एक तडा आहे, बाकी काटा अजूनही असा चालते की पाहत राहा.

आता तो दिवस ऐका. अधिक महिना लागला तेव्हापासून अंजूच्या मायनं, पुष्पलतानं, माहं डोकं खाल्लं. 'अवो, ऐकून राहिले का, लग्नानंतरचा पहिला धोंडा आहे, जवायाले वाण द्या लागते. तांब्याची थाळी, तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. अन् मुख्य म्हणजे तुम्ही तोंड बंद ठेवा लागते. या महिन्यात जवाई विष्णू असते, विष्णू! उलट बोलायचं नाही.' मी म्हटलं, मी कायले बोलू वं विष्णूले? तं आले विष्णू. नाव प्रज्वल. मिहानमधी कॉम्प्युटरच्या कंपनीत बसते, पोट्टा चांगला आहे, निर्व्यसनी आहे, हळू आवाजात बोलते, अन् तुम्हाले सांगतो, हळू बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येते ना तेवढा ओरडणाऱ्याचा येत नाही. पाटावर बसवलं, ओवाळलं, थाळी हातात देली, एक अनारसा तोंडात भरवला, सगळं बेस! मी मनात म्हटलं, चला, निपटलं.

कायचं निपटलं! विष्णूनं अनारसा गिळला, हात पुसले, अन् बॅगेतून काढला पिवळा डबा. 'मामाजी, हा मी ऑनलाइन मागवला. अंजू इथं राहून राहिली तं म्हटलं एकदा कूलर चेक करून घेऊ. दरवर्षी बातम्या येते ना, कूलरचा शॉक लागला म्हणून.' मी म्हटलं, बापा! वायरमनच्या घरी येऊन वायरिंग चेक करते? म्हणजे हलवायाच्या घरी साखरेचा डबा घेऊन जाण्यासारखं झालं! पण धोंड्याचा महिना... बोलता येते का? मी म्हटलं, 'करा जी, करा.' त्यानं कूलर सुरू केला, एक वायर बोर्डातल्या न्यूट्रलले लावली, दुसरी कूलरच्या पत्र्याले. टीं! 'मामाजी... सत्त्याऐंशी पॉईंट चार.'

अन् तेवढ्यात कोण यावं? बायजाबाई! आमच्या शेजारीण, रोज दुपारी फ्रिजमधलं थंड पाणी न्याले येते, अन् पाण्यासोबत घरातली खबर फुकट घेऊन जाते. तिनं ऐकलं. तुम्हाले सांगतो, पंधरा मिनिटात गल्लीच्या टोकापर्यंत गेलं, 'ईश्वरदासच्या कूलरमधी सत्त्याऐंशी पॉईंट चार करंट आहे, पोरगी पोटुशी आहे अन् हा तिले त्याच्यासमोर झोपवून राहिला!' अरे, जिले वाढदिवसाची तारीख माहीत नाही ती पॉईंट चार नाही विसरली!

मी काय गप्प बसतो का? मी फळीवरून पेटी काढली. सगळ्यांसमोर लावली, तीच जागा, तोच पत्रा, तेच न्यूट्रल. काटा हलला? काटा जागेवरून उठला सुद्धा नाही! मी म्हटलं, पाहा जी जवाईबापू, शून्य. तं जवाई कसा म्हणते, हळूच, डोळे खाली करून, 'मामाजी, तुमचा मीटर जुना आहे ना... बिघडला असंन.' बिघडला असंन! माह्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी तोच मीटर बोर्डाच्या पिनांत लावला, काटा सटकन उठून दोनशे तीसवर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, तुमचा लावा. लावला. 'दोनशे एकतीस पॉईंट सहा.' मी म्हटलं, म्हणजे बोर्डावर माहा काटा बरोबर, अन् चार हात दूर कूलरवर गेला की बिघडते का? त्याले काय बाई पाहून चक्कर येते का? मग मी टेस लॅम्प आणला, म्हणजे होल्डरमधी पिवळा बल्ब अन् दोन वायरा, अजून कोणत्या वायरमनले दुसरं हत्यार लागत नाही. पत्र्याले लावला, बल्ब पेटला का? धुगधुगी सुद्धा नाही! मी म्हटलं, सत्त्याऐंशी व्होल्ट असते तं बल्ब लाल तरी झाला असता ना? तं जवाई म्हणते, 'बल्ब फ्यूज असंन.' बोर्डाले लावला, भकक! पेटला. आता बोला!

तं कोण बोललं? माही बायको बोलली. 'अवो, पण त्यांचा पॉईंटमधी दाखवते ना.' अन् बायजाबाई दारातून, हातात पाण्याची बाटली, 'आकडा कायले खोटं बोलन जी? काटा काय, वारा आला तरी हलते.' अरे, हलतच नव्हता ना तो, तेच तं मी सांगून राहिलो होतो! पण झालं, घरात मतदान झालं, माह्या बाजूनं मी अन् बल्ब, तिकडे सगळं घर, शेजारपाजार अन् आकडा. कूलरचा प्लग काढला, वायर गुंडाळून वर ठेवली. अन् जवाई जाता जाता हळूच म्हणते, 'मामाजी, रविवारपर्यंत पाहू. नाही तं मी अंजूले फ्लॅटवर घेऊन जातो. तिथं एसी आहे.'

इथं मले खरं लागलं. काहून का, पहिलं बाळंतपण आहे हो. माहेरी असते ते. अंजूच्या मायनं दोन महिन्यापासून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली, डिंक आणून ठेवला. अन् पाळणा... बापाचा माग मोडला ना, तेव्हा त्याच्या तुळईचं लाकूड मी जाळू नाही देलं, त्याचा पाळणा केला, अंजू त्याच्यातच झोपे. यंदा परत काढला, तेल पाजलं, कड्या बदलल्या. अन् हे सगळं एका पिवळ्या डब्यामुळं हुकणार? सोमवार, मंगळवार, बुधवार... काय सांगू तुम्हाले! पोट्टी ओला टॉवेल अंगावर टाकून फरशीवर पडून राहे, वरचा पंखा तं गरम हवाच ढवळून राहिला, तिच्या मानेवर ही एवढी घामोळं, अन् मी समोर बसून पुठ्ठ्यानं वारा घालून राहिलो. 'बाबा, तुम्ही थकले असान.' मी म्हटलं, नाही वं, मी कायले थकतो. अन् मनात असा संताप, असा संताप की तो पिवळा डबा नागनदीत फेकून यावा! तिकडून विहीणबाई, भारतीताईंचा रोज फोन, 'आमच्याकडे एसी आहे जी, पोरीचे हाल कायले करता?' त्यांच्या एसीचा सुद्धा आकडा सांगत, 'चोवीसवर ठेवते आम्ही.' धोंड्याचा महिना, जवायाची माय... बोलता येते का?

अन् एक सांगतो, मी चूप काहून होतो? लोकं म्हणते, ईश्वरदास, तुले एवढा भरोसा होता तं लावून द्यायचा होता कूलर! अरे लावला असता. माह्या एकट्याचा जीव असता तं त्याच्या पत्र्याले पाठ टेकून झोपलो असतो. पण पोरगी आहे, तिच्या पोटात अजून एक आहे, अन् कोणी एकदा मनात शंका घातली ना, की 'असंन तं?' हे दोन शब्द झोपू देत नाही. तो आकडाच असा, की खोटा असला तरी डोक्यातून जात नाही. याचाच मले जास्त राग आला.

तं रविवार. जवाई दुपारी दीड वाजता गाडी घेऊन हजर. अंजूची बॅग भरून दारात. पुष्पलता चुलीकडं तोंड करून नाक ओढून राहिली. बायजाबाई बाटली घेऊन आधीच हजर, तिले काय, रविवार नाही सोमवार नाही. मी म्हटलं, बस, आता विष्णू असो का महादेव, बोलणारच! मी म्हटलं, 'जवाईबापू, दोन मिनिट ऐका. पावसाळ्यात भिंतीले ओल येते का नाही? येते. ओलीवर हात लावला तं हात ओला होते. म्हणून कोणी असं म्हणते का, की या भिंतीत नळ आहे, भरा घागर? ओल म्हणजे पाणी आहे, पण भरायले गेलं तं पेलाभर निघत नाही. तसं बाजूनं करंट वाहते ना, मोटरच्या तारेतून, त्याची ओल पत्र्याले येते. तुमचा डिजिटल नुसता बोट लावून पाहते, ओलं आहे, ओलं आहे, सत्त्याऐंशी आहे! तो काही पीत नाही ना, उपाशी यंत्र ते! माहा काटा हलायले घोटभर करंट पिते. तो प्यायले गेला, काहीच आलं नाही, म्हणून शून्य!'

जवाई ऐकून राहिला. पोट्टा ऐकते, हे त्याचं चांगलं आहे. पण डोळ्यात तेच, जुना माणूस, जुना मीटर. तं तेवढ्यात अंजू उठली, एक हात कंबरेवर, घामानं केस कपाळाले चिकटलेले, अन् अशी ओरडली, माह्यावरच गेली पोट्टी, 'तुम्ही दोघं आपआपला मीटर एकदमच लावा ना एका जागी! अन् काय निघंन ते निघंन, मले बसू द्या कुठंतरी!'

घ्या! एकोणतीस वर्ष वायरमन, अन् हे माह्या डोक्यात आलं नाही. कूलर सुरू केला. जवायानं आपली वायर पत्र्याले लावली. सत्त्याऐंशी पॉईंट चार. बायजाबाई म्हणे, 'पाहा.' मग मी त्याच जागी माह्या काट्याची वायर टेकवली. अन् तुम्हाले सांगतो, त्या पिवळ्या डब्याचा आकडा असा धाडकन खाली आला, असा खाली आला, सत्त्याऐंशीचा दोन! दोन पॉईंट एक! मी वायर काढली, परत सत्त्याऐंशी. लावली, दोन. काढली, सत्त्याऐंशी. लावली, दोन. मी दहा वेळा केलं! अंजू म्हणे, 'बाबा, बस करा.' मी म्हटलं, थांब वं, हप्त्याभराचं साचलं आहे!

जवायानं मोबाईल काढला, खालीवर केलं, अन् मान वर करून म्हणे, 'मामाजी, तुमचं बरोबर आहे. याले घोस्ट व्होल्टेज म्हणते.' बायजाबाई म्हणे, 'काय म्हणते?' जवाई म्हणे, 'घोस्ट. म्हणजे भूत.' संपलं! बाटली तिथंच ठेवून बाई गेली, अन् अजूनपर्यंत पाणी न्याले आली नाही. तेवढा एक फायदा झाला डिजिटलचा.

मी काय सांगू, माही छाती अशी फुगली! मी पुष्पलताकडं पाहिलं, म्हटलं, काय वं, काटा खोटं बोलते का? मी म्हटलं, जवाईबापू, बॅग आत ठेवा. अन् जवायानं बॅग उचलली सुद्धा, दोन पावलं आत गेला सुद्धा, अन् थांबला. अन् हळूच, त्याच्या त्या हळू आवाजात, 'मामाजी, एक विचारू?' विचारा जी. 'तुम्ही म्हटलं ना, भिंतीले ओल आली. ओल आली म्हणजे कुठंतरी पाईप गळून राहिला असंन ना? का निदान पाण्याले जायले नाली नसंन. इथं लिहिलं आहे, बॉडीले अर्थिंग असली तं हे भूत राहतच नाही. मग... कूलरची अर्थिंग कुठं आहे?'

बोला! माही ओल, माही भिंत, अन् माह्याच तोंडावर! मी म्हटलं, 'आहे ना जी, अर्थिंग कायले नसंन, वायरमनचं घर आहे.' अन् रागारागात कूलरचा प्लग उचलून त्याच्यासमोर धरला, हे पाहा, तीन पिना! तं त्यानं पाहिलं. अंजूनं पाहिलं. मी पाहिलं. दोन पिना. वरची जाडी पिन, अर्थिंगची, नाही. मुळापासून साफ. कापलेली.

अंजू म्हणे, 'बाबा... तुम्हीच तं कापली होती. माह्या लग्नात. मांडवात कूलर लावायचा होता, एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनाचा होता, तुम्ही म्हटलं, काही होत नाही, अन् आरीनं कापली.' अन् चुलीकडून आवाज, 'अन् मी तेव्हापासून सांगून राहिली, ओला हात लागला की हा कूलर झिणझिण्या आणते, तं हे म्हणे, तुह्या अंगात रक्त कमी आहे, पालक खा.' तीन उन्हाळे तिनं पालक खाल्ला हो! तीन उन्हाळे! अन् मी मिलमधी नव्या पोट्ट्यांले काय शिव्या घालो माहीत आहे का? 'अर्थिंग पहिले, चहा नंतर!' एकाले तं मी तिसरी पिन कापली म्हणून दिवसभर गेटवर उभं ठेवलं होतं. अन् स्वतःच्या घरी, स्वतःच्या आरीनं... काटा खरंच खोटं बोलला नाही. तो म्हणे, आज करंट नाही. पण उद्या मोटरची तार घासली अन् सगळा फेज पत्र्यावर आला, तं त्याले जायले रस्ताच नव्हता. रस्ता एकच होता, जो कोणी हात लावंन त्याच्या अंगातून. अन् मी कोणाले झोपवून राहिलो होतो त्याच्यासमोर? माहा राग आतापर्यंत त्या पिवळ्या डब्यावर होता ना, तो फिरून माह्यावरच आला. असा आला की मी तो प्लग हातात घेऊन फरशीवरच बसलो. घरातल्या लोकांले वाटलं, ऊन लागलं.

मग उठलो. प्लग फेकला, नवा लावला. बोर्डाचं अर्थिंग उघडून पाहिलं, तं घराचंच बापाच्या काळचं, सडून भुगा. मी म्हटलं, नव्या अर्थिंगचा खड्डाच खोदतो. आंगणात, नळाच्या बाजूले, भर दुपारी. अन् जवाई म्हणे, 'मामाजी, मी येतो.' पुष्पलता ओरडली, 'अवो, धोंड्याच्या महिन्यात जवायाच्या हातात कुदळ देता का?' पण पोट्ट्यानं शर्ट काढून ठेवला, बनियानवर आला. कॉम्प्युटरवाले हात, दहा मिनिटात फोड आले, तरी थांबला नाही. पाईप होता घरी, लोखंडी, कोळसा आणला, जाडं मीठ आणलं. मी म्हटलं, खाली तांब्याची प्लेट असती तं सोन्याहून पिवळं, पण आता रविवारी कोणती दुकान उघडी? जवाई गाडीकडे गेला, डिक्की उघडली, अन् घेऊन आला... वाणाची थाळी! तांब्याची! मधात दिव्याच्या तुपाचा डाग तसाच. 'मामाजी, ही चालंन?' आता प्लेट पाहिजे जाड, अन् ही थाळी पातळ, हे काय मले समजत नाही? पण त्याचं तोंड पाहिलं अन् मी म्हटलं, तांबं ते तांबं, पाईपाच्या बुडाशी टाका. अंजूची माय दारात डोकं धरून बसली, 'धोंड्याचं वाण गाडलं वं माय! विष्णूचं वाण गाडलं!' मी म्हटलं, विष्णूच गाडून राहिला, मी काय करू?

चार वाजता तार जोडली. पाणी टाकलं. कूलर सुरू केला. मी माहा काटा लावला, शून्य. जवायानं आपला लावला, मी श्वास धरला... 'झिरो पॉईंट तीन.' म्हणजे याचा पॉईंट काही सुटणार नाही, पण म्हटलं जाऊ दे, आता तं भूत सुद्धा जमिनीत गेलं. अंजू आली, कूलरसमोर पाय सोडून बसली, डोळे मिटले, अन् हो, वाळ्याचा तो वास सुटला ना घरभर... ती म्हणे, 'बाबा, मी नाही जात कुठं.' जवाई मातीचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ बसला, म्हणे, 'नको जाऊ. मीच येत जाईन रोज.' पुष्पलतानं गपचूप बॅग आतल्या खोलीत नेली, पाळण्याजवळ ठेवली. मी पाहिलं, ती डोळे पुसून राहिली होती. माहे काही कोरडे नव्हते, पण मी घामाच्या नावावर काढून टाकलं. पाच मिनिट. तुम्हाले सांगतो, आयुष्यात पाच मिनिट एवढी थंडी मले लागली नाही.

अन् लाईन गेली.

एकदम. कूलर हूं... हूं... करत बसला. पंखा थांबला. सगळ्या गल्लीतून एकदम 'आऽऽऽ!' असा आवाज आला, कुठंतरी लोड वाढून ट्रान्सफॉर्मर बसला म्हणे, रात्रीपर्यंत येत नाही. मी काय करतो? सवय. उठलो, काटा बोर्डाले लावला. शून्य. झोपला होता बिचारा. मी म्हटलं, चला, काही नाही तं आज दोन मीटरचं एकमत तरी झालं. अन् मागून आवाज आला, हळूच. जवाई. त्यानं पिवळा डबा बोर्डाले लावला होता, घामानं डोळे चुरचुरून राहिले होते त्याचे, तरी वाकून पाहून राहिला. 'मामाजी... याच्यात चार व्होल्ट दाखवून राहिला.'

सगळं अंगात आलं. ओल, भिंत, भूत, घोट, उपाशी यंत्र, सगळं ओठापर्यंत आलं. मग मी त्याच्या तळहाताकडं पाहिलं, फोड फुटलेले होते. बाजूले अंजू पुठ्ठ्यानं त्यालेच वारा घालून राहिली होती. अन् धोंड्याचे अजून नऊ दिवस बाकी... बोलता येते का?

मी म्हटलं, 'हो जी जवाईबापू. चार... पॉईंट किती?'